दिगूचे डोळे आणि रुईचा चीक

नाशिकच्या एसटी स्टँडवर दिगू माझ्या आधीच येऊन उभा होता. मुलगी बघायला निघालेल्या माणसाच्या हातात पेढ्यांचा पुडा असावा, याच्या हातात लांब दांड्याची कापडी जाळी होती.

"हे काय रे?" मी विचारलं.

"ऑक्टोबर आहे," तो म्हणाला. एवढ्यात सगळं आलं असं त्याला वाटत असावं.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी बँकेत कारकून होतो आणि दिगू, म्हणजे दिगंबर, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. शाळेपासूनची आमची दोस्ती. भरल्या वर्गापुढे तास तास बोलणारा हा गडी लग्नाच्या मुलीसमोर बसवला की त्याची दातखीळ बसायची. पोह्यांच्या बशीत हरवलेली वस्तू शोधावी तसा खाली बघत राहायचा. मग मुलीकडचे निरोप पाठवायचे, मुलगा हुशार आहे पण घुमा वाटतो. तिशी उलटून गेली होती. या वेळी त्याच्या आईने मला बजावलं होतं, "तू बरोबर जा, आणि काहीही करून त्याला बोलतं कर."

स्थळ माझ्या वहिनीने सुचवलेलं. तिचं माहेर जव्हारचं. मुलीचं नाव विजया, मोखाडा तालुक्यातल्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. घर जव्हारजवळ साखरशेतला, वडील सरकारी कचेरीत कारकून आणि थोडी भातशेती. "स्वभाव सोन्यासारखा आहे," एवढंच वहिनीने सांगितलं आणि विषय बदलला. तो तिने का बदलला, हे मला साखरशेतला पोचल्यावर कळलं.

त्र्यंबक मागे पडलं आणि गाडी घाटाला लागली. तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडायचा, पालघर जिल्हा व्हायला पुष्कळ अवकाश होता. रस्ता अरुंद, खड्ड्यांनी भरलेला, पण खिडकीबाहेर बघताना कंबरेच्या दुखण्याचा विसर पडत होता. खाचरांतलं भात पिवळं पडलं होतं. चढावरच्या वरकस जमिनीत नागलीची (नाचणीची) तपकिरी कणसं मुठी मिटून उभी होती, आणि मधूनच खुरासणीच्या (कारळ्याच्या) फुलांचा पिवळाधमक तुकडा दिसायचा. आजही कुठे खुरासणीचं शेत दिसलं की मला त्या एसटीच्या पत्र्याचा खडखडाट ऐकू येतो आणि उगीचच तरुण झाल्यासारखं वाटतं.

कंडक्टर तिकीट फाडताना जाळीकडे बघत होता. "मासे धरायला काय?"

"नाही, फुलपाखरं," दिगू म्हणाला.

कंडक्टरने थोडा विचार केला. "खातात?"

"पक्ष्यांनी खाल्ली तर ओकतात," दिगू उत्साहाने म्हणाला. कंडक्टर पुन्हा आमच्या बाकाकडे फिरकला नाही.

मुलीकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं होतं. पहिला दिवस दिगूने स्वतःसाठी राखला होता. म्हणून मोखाडा सोडल्यावर आम्ही पोशेऱ्याला उतरलो. डोंगराच्या उतारावर विखुरलेली घरं, कुडाच्या सारवलेल्या भिंती, आणि सगळं गाव शेतात. वाटेच्या कडेला रुईची झुडपं होती. दिगू एका झुडपापाशी उकिडवा बसला आणि मला खाली ओढलं. पानाच्या मागे काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची एक अळी होती, अंगावर काळ्या शिंगांच्या जोड्या.

"हिच्याकडे नीट बघ. आधी शीर कुरतडते. चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचं पान खाते. एकदम सगळा चीक अंगावर आला तर तोंड चिकटायचं ना! पण थोडं विष पोटात जातंच, आणि ती ते साठवते. तिचं फुलपाखरू होतं तेव्हाही ते अंगात असतं. केशरी पंख, काळी किनार, टोकाला पांढरे ठिपके. पक्ष्याने एकदा खाल्लं की त्याच्या पोटात ढवळतं, आणि तो रंग तो जन्मभर विसरत नाही. ते ठिपके म्हणजे पाटी आहे, मी विषारी आहे, लांब राहा."

बोलता बोलता त्याने एक पान तोडलं. देठातून दुधासारखा पांढरा चीक गळला. "हा डोळ्यात जाऊ देऊ नकोस हं," तो मला गंभीरपणे म्हणाला. "फार वाईट."

पुढे एका बांधाजवळ खुळखुळ्याच्या उपटलेल्या रोपांचा ढीग वाळत पडला होता. शेंगा वाळल्या की बिया आत खुळखुळतात म्हणून ते नाव. नागलीच्या शेतातून एका बाईने ते तण उपटून तिथे टाकलं होतं. त्या ढिगावर फुलपाखरं इतकी दाट बसली होती की खालचं वाळकं दिसत नव्हतं. केशरी होती, निळसर पट्ट्यांची होती, चॉकलेटी होती. आम्ही जवळ गेलो तरी उडेनात. काही पायांनी पानं खरवडत होती आणि सोंडेने चाटत होती.

दिगूचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "बघ, बघ! शेजारी फुलं आहेत, पण कुणी ढुंकून बघत नाही. हे सगळे नर आहेत. खुळखुळ्यात एक कडू द्रव्य असतं, ते यांना हवं असतं. त्यातून हे वास तयार करतात आणि मादीपुढे जाऊन तो उधळतात. ज्याच्याकडे तो वास नाही, त्याला मादी सहसा उभं करत नाही."

"अळी असताना रुईवर आणि लग्नाच्या वयात खुळखुळ्यावर," मी म्हटलं. "तू अजून रुईवरच आहेस."

शेतातली बाई कमरेवर हात ठेवून आमची गंमत बघत होती. "काय हाय तठं?" तिने ओरडून विचारलं.

"फुलपाखरं बघतोय, मावशी!"

"पाखरां? ती रोजचीच हायेत. नाशकात नाय का?"

"इतकी नाहीत."

"मग ने की चार! माझां तण बी ने जाताना." आणि ती खदखदून हसली.

त्या हसण्यात, त्या उन्हात, त्या केशरी गर्दीत दिगू स्वतःला विसरला. चष्मा घामाने घसरत होता. त्याने तो कपाळावर चढवला आणि दोन्ही डोळे बोटांनी चांगले खसाखसा चोळले. त्याच बोटांनी. मी ओरडेपर्यंत झालं होतं. मावशीने हंड्यातलं पाणी दिलं, आम्ही डोळे धुतले. जरा चुरचुरलं, मग थांबलं. "काही नाही रे," दिगू म्हणाला, आणि परत ढिगाकडे वळला.

दुपारी जव्हारकडे जाणाऱ्या जीपमध्ये माणसं कोंबून भरलेली होती. थोड्या वेळाने दिगू हळूच म्हणाला, "धुकं पडलंय का रे?"

बाहेर लख्ख ऊन होतं.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने त्याचे डोळे पुष्कळ वेळ धुतले, थेंब घातले आणि काळा चष्मा लावायला सांगितला. बुबुळ धुरकटलं होतं. उजेड आणि अंधार कळायचा, माणूस म्हणजे नुसता एक काळसर ठिपका. "वेळेवर धुतलंत म्हणून बरं. काही दिवसांत दिसायला लागेल. चोळू नका, ऊन टाळा," डॉक्टर म्हणाला, आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता?"

"प्राणिशास्त्र शिकवतो."

डॉक्टरने मान खाली घालून लिहिणं चालू ठेवलं. तो हसला असता तर दिगूला कमी लागलं असतं.

लॉजवर मी म्हटलं, "उद्याचं रद्द करू. बघायला आलेल्या मुलाला दिसतच नाही, तर जायचं कशाला?"

"नको," दिगू म्हणाला. "ते म्हणतील, मुलगा जव्हारपर्यंत येऊन मागे फिरला. तिला काय वाटेल?" मुलीला काय वाटेल हा विचार त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी साखरशेतला गेलो. सारवलेलं अंगण, कौलारू घर, पडवीत बांबूची कणगी. विजयाचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, कचेरीत घालायचा शर्ट घालून दारात उभे होते. दिगूचा काळा चष्मा आणि माझ्या खांद्यावरचा त्याचा हात बघून ते गोंधळले. मी सगळी हकिकत सांगितली. "अरेरे," ते म्हणाले, "रुई लई वाईट. या, दमानं या, उंबरा हाय."

पोहे आले. दिगूचा चमचा बशीच्या बाहेरच फिरत होता. मी बशी त्याच्या हातात धरून दिली. तेवढ्यात चहा घेऊन विजया आली.

मी वर बघितलं. तरतरीत चेहरा, मोठे डोळे, आणि हनुवटीपासून गालापर्यंत पसरलेला पांढरा डाग. कप पुढे करणारी बोटंही तशीच पांढरी. कोड होतं. माझा हात कपाकडे जाता जाता क्षणभर थबकला, आणि ते तिने पाहिलं. वहिनीने विषय का बदलला होता ते मला कळलं आणि मी मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावले. कोड म्हणजे कातडीचा रंग जातो, ते कुणाला लागत नाही, हे शिकलेल्या सगळ्यांना माहीत असतं. तरीही लग्न जुळवताना तीच माणसं उठून जातात. आणि माझा मित्र शेजारी बसून हसऱ्या चेहऱ्याने भिंतीकडे बघत होता.

तात्या खाकरले. "तुम्ही बोला. मी गुरांकडं बघून येतो." दिगूला एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून मी बसून राहिलो.

"डोळ्यांना रुई कशी लागली?" विजयाने विचारलं.

"मीच लावून घेतली."

"आमच्या शाळेतली पहिलीची मुलंसुद्धा असं करत नाहीत, सर."

दिगू मोकळेपणी हसला, आणि मग तो बोलायला लागला. मी थक्क होऊन ऐकत राहिलो. समोर चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, पण जन्मात कुठल्या मुलीपुढे न उघडलेलं तोंड त्याने उघडलं. रुईवरची अळी, कुरतडलेली शीर, साठवलेलं विष, पांढऱ्या ठिपक्यांची पाटी, पोशेऱ्याचा तो ढीग, सगळं आलं. विजया मधूनच प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न नेमके होते.

"मग ज्या नराला खुळखुळा मिळालाच नाही, त्याचं काय?"

"त्याला कुणी विचारत नाही. बिचारा भोवती घिरट्या घालतो, ती निघून जाते."

"आणि तुम्ही काय घेऊन आलात?"

"मी? डोळ्यांत चीक."

दोघंही हसले. मग हसणं ओसरलं, आणि विजयाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघायला लागलो.

"सर, तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "मला कोड आहे. चेहऱ्यावर आणि हातांवर. तुमच्या मित्रांनी पाहिलंय, पण ते बोलणार नाहीत."

मग, देव त्याला सुबुद्धी देवो, तो म्हणाला, "त्या केशरी फुलपाखराच्या पंखांवरचे पांढरे ठिपके फार सुंदर दिसतात."

त्याला लाथ घालावी असं मला वाटलं.

"ते ठिपके कशासाठी असतात, ते तुम्ही आत्ताच सांगितलंत," विजया शांतपणे म्हणाली. "लांब राहा हे सांगायला. पण पक्षी निदान एकदा चव घेऊन बघतो आणि मग लांब राहतो. माणसं त्याआधीच राहतात."

तिचा आवाज वर्गात धडा शिकवावा तसा सरळ होता. दिगूचा चेहरा पार उतरला होता.

"चुकलो," तो म्हणाला. "मला बोलता येत नाही, हेच खरं."

"येतंय की. मघापासून तुम्हीच बोलताय."

जेवायला नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, चवळीची उसळ आणि तवसं (पिकायला आलेली मोठी काकडी) होतं. भाकरी चुलीवरून थेट ताटात येत होती. दिगू चाचपडत जेवला, पण पोटभर जेवला. हात धुतल्यावर उभ्याउभ्याच तो म्हणाला, "तात्या, माझा होकार आहे."

तात्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून विजया बाहेर आली.

"असा होकार मला नको," ती म्हणाली.

"विजू!" तात्या कळवळून म्हणाले.

"नको, तात्या. आज यांना दिसत नाही. काही दिवसांनी दिसेल. रोज सकाळी उठल्यावर दिसेल. तेव्हा यांनी तोंड फिरवलं तर मी कुठे जाऊ? डोळे बरे झाले की या, सर. उजेडात बघा आणि मग सांगा. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही."



तात्या आम्हाला सोडायला जव्हारपर्यंत आले. गाडीला वेळ होता, तर म्हणाले, "आलाच हाय तर शिरपामाळ बघून जा. शिवाजी महाराज हितं थांबले होते." माळावर वारा सुटला होता, खाली दूरवर दऱ्या निळ्या होत गेल्या होत्या, सहलीला आलेलं एक कुटुंब भेळ खात होतं. दिगूला आम्ही सावलीत बसवलं. तो वाऱ्याकडे तोंड करून बसला. तात्या मला थोडं बाजूला घेऊन गेले.

"खरं सांगा," ते म्हणाले, "दिसायला लागल्यावर येतील ते?"

"येईल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

"मागचे पाहुणे चहाला तोंड न लावता उठले. पोरगी काय बोलत नाय. भांडी आवरते नि शाळेत जाते. आज हसली, ते मी गोठ्यातनं ऐकलं. मीच बावळट, बाहेर उभा राहून ऐकत होतो." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. त्या माळावरून लोक दऱ्याखोऱ्यांची शोभा बघतात. मला आठवतं ते तात्यांचं तोंड.

परतीच्या गाडीत घाट चढायला लागल्यावर दिगू म्हणाला, "कशी दिसते रे?"

"तिने सांगितलंय ना, तूच बघ."

दिवाळी झाली. दिगूचे डोळे स्वच्छ झाले. त्याने आईला काही न लपवता सगळं सांगितलं. काही दिवसांनी एका सकाळी माउली नारळ आणि खण त्याच्या पिशवीत ठेवून म्हणाली, "जा, बघून ये. पण पोरीला ताटकळत ठेवू नकोस." मला बरोबर जाणं भागच होतं.

खाचरं आता रिकामी झाली होती, खळ्यांवर नागलीची मळणी चालली होती. साखरशेतला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आम्ही पडवीत बसलो. विजया आतून आली ती थेट अंगणात गेली आणि उन्हात उभी राहिली. पदर खांद्यावर, हात मोकळे सोडलेले, चेहऱ्याला पावडरचा लवलेशही नाही.

"बघा," ती म्हणाली.

दिगू उठला, पायरी उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला. त्याने बघितलं. आणि त्याची दातखीळ बसली.

मला माहीत होतं, हा तोच जुना दिगू, समोर चेहरा दिसला की शब्द गिळणारा. पण हे तिला कसं माहीत असणार? तिला फक्त एक माणूस दिसत होता, आपल्याकडे बघून गप्प झालेला. अशी शांतता तिने पूर्वी पाहिली होती. तात्या खांब धरून उभे होते. दिगूचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. विजयाने मान किंचित हलवली, म्हणजे समजलं अशा अर्थाने, आणि ती घराकडे वळली.

"दिगू, बोल!" मी ओरडलो.

त्याने दोन्ही डोळे गच्च मिटले. "माझा होकार आहे!" तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला.

विजया थांबली. मागे वळली. डोळे मिटून, मुठी आवळून उन्हात उभ्या असलेल्या त्या प्राध्यापकाकडे तिने क्षणभर बघितलं, आणि तिच्या तोंडावर हसू आलं.

"डोळे उघडा," ती म्हणाली, "आणि परत सांगा."

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. आणि अडखळत, घाम पुसत, पण शेवटपर्यंत, त्याने परत सांगितलं.

"आता माझाही आहे," विजया म्हणाली. तात्यांनी खांब सोडला.

तात्यांनी दिगूला त्या दिवशी सोडलं नाही. मी एकटाच परत निघालो. खिडकीबाहेर डोंगर ओळीने मागे सरकत होते आणि मला उगीचच रडू येत होतं. पुढे मी पुष्कळ हिंडलो, मोठमोठी देवळं बघितली, समुद्र बघितले. त्यातलं कितीतरी विसरलो. साखरशेतचं ते अंगण मात्र विसरता विसरत नाही, आणि आम्ही सगळे तेव्हा किती तरुण होतो, हेही.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"पसंत पडली का रे मुलगी?" तिने विचारलं.

"वहिनी," मी म्हटलं, "तिने त्याला पसंत केलं."